'आर'ची प्रतिष्ठापना

संगणकावर एखादा प्रोग्राम बसविण्याच्या क्रियेला आपल्याकडे 'टाकणे' असे म्हणण्याचा प्रघात आहे. 'तेवढे एक सॉफ्टवेअर टाकून द्या' असे दुकानदारास सांगताना, आमटीत मीठ टाकावे किंवा पेटीत पत्र टाकावे तितकेच ते काम एका हाताचे आहे, असा सांगणाऱ्याचा समज असतो. आणि ज्या यंत्रावर 'नेक्स्ट' हे बटण दोनचार वेळा दाबले की सर्व उरकते, त्या यंत्रापुरता तो समज खोटाही ठरत नाही. परंतु युनिक्स आणि त्याच्या वळणावर वाढलेल्या लिनक्ससारख्या प्रणालींवर एखादा मोठा प्रोग्राम त्याच्या मूळ संहितेपासून उभा करावयाचा झाला, म्हणजे हे क्रियापद तोकडे पडते. तेथे जागा, साहित्य, मनुष्यबळ आणि यजमानाचा अधिकार या सर्वांची आधी चौकशी होते, जे नसेल ते आणून द्यावे लागते, आणि मगच त्या प्रोग्रामाची यथासांग प्रतिष्ठापना होते. उदाहरणादाखल मी येथे 'आर' ही संख्याशास्त्रीय प्रणाली घेतली आहे. ती मला रोज लागते हे त्याचे एक कारण; दुसरे असे की तिच्या मागण्या इतक्या नानाविध आहेत की तिच्या एकटीच्या स्थापनेत युनिक्सच्या संसाराचे बहुतेक कायदेकानू दृष्टीस पडतात.

'आर'ची वंशावळ युनिक्सच्याच घराण्याशी जाऊन मिळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सची सुरुवात झाली, आणि त्याच प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची भाषा रचावयास घेतली. तोवर तेथील संख्याशास्त्रज्ञाला एखादी साधी आकडेमोड करावयाची असली तरी फोर्ट्रान भाषेत स्वतंत्र प्रोग्राम लिहावा लागे. यंत्राशी प्रश्नोत्तरे करीत, एक पाऊल टाकून पुढचे ठरवीत, आकड्यांचा अभ्यास करता यावा, हा 'एस'च्या कर्त्यांचा हेतू होता. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या सोयीसाठी 'एस'च्या धर्तीवर एक लहानशी प्रणाली तयार केली. दोघांच्या नावांचे आद्याक्षर एकच, आणि 'एस'च्या अगोदरचे अक्षरही तेच, म्हणून तिचे नाव 'आर'. झुरिकच्या मार्टिन मेख्लर यांच्या आग्रहावरून १९९५ साली त्यांनी ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली केली, १९९७ साली तिचा कारभार एका मंडळाकडे गेला, आणि तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. शतकसंख्येच्या वर्षात २९ फेब्रुवारी चारशे वर्षांतून एकदाच येतो. ही तारीख निवडण्यात संख्याशास्त्रज्ञांची विनोदबुद्धी दिसते असे मला नेहमी वाटते.

त्या मुक्त परवान्यामुळेच 'आर'ची संपूर्ण मूळ संहिता कोणाच्याही हाती येते आणि ती आपल्या यंत्रावर घडविण्याचा प्रश्न उद्भवतो. सर्वांनीच ती घडवावी असे मात्र माझे म्हणणे नाही. डेबियन किंवा उबंटू ही लिनक्सची वितरणे वापरणाऱ्याने प्रोग्राम बसविणाऱ्या 'आप्ट'ला 'आर-बेस' बसविण्याचा हुकूम द्यावा, पासवर्ड द्यावा आणि चहाला जावे. परत येईतो सर्व सिद्ध असते, कारण घडविण्याचे कष्ट त्या वितरणाच्या स्वयंसेवकांनी अगोदरच उपसलेले असतात. त्यात उणीव एवढीच की डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते आणि 'आर'ची नवी आवृत्ती दर वर्षी वसंतात, त्यामुळे वितरणाच्या कोठारातील 'आर' बहुधा मागील सालचा असतो. त्यावरही 'आर'च्या मंडळींनी स्वतःचे कोठार उघडून आणि त्याच्या सहीशिक्क्याची किल्ली देऊन तोड काढलेली आहे. दहांतील नऊ जणांनी याच वाटेने जावे. दहावा मी होतो. कारण ज्या यंत्रावर मला काम करावयाचे होते त्यावर माझी मुखत्यारी नव्हती, तेथे असलेला 'आर' जुना होता, आणि माझ्या स्वतःच्या डिरेक्टरीपलीकडे एक अक्षर लिहिण्याची मला मुभा नव्हती.

संहितेची गठडी उतरवून घेऊन सोडली की जे प्रथम हाती लागते, त्यात 'कॉन्फिगर' नावाची एक फाईल असते. तिच्या नावाअगोदर टिंब आणि तिरकी रेघ देऊन तिला चालविले, म्हणजे एखादा नवा कारकून गावात शिरून दारोदार फेरतपासणी करीत फिरावा तसा प्रकार सुरू होतो. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकते, आणि प्रत्येक ओळीची घडण एकच: अमुक आहे काय ते तपासीत आहे, टिंबे, आणि शेवटी 'येस' किंवा 'नो'. सी भाषेचा कंपायलर आहे काय. तो चालतो काय. पूर्णांकाची रुंदी किती. फोर्ट्रान आहे काय. जेपीईजी, पीएनजी, टिफ यांच्या लायब्रऱ्या आहेत काय. तारखांचे गणित बरोबर येते काय. असे शेकडो प्रश्न. हा कारकून कोणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. एखादे फंक्शन या यंत्रावर आहे की नाही हे पाहण्यासाठी तो चारपाच ओळींचा इवलासा प्रोग्राम स्वतः लिहितो, तो कंपाइल करून पाहतो, आणि जमले तर 'येस' व फसले तर 'नो' अशी नोंद करतो. सगळा तपशील 'कॉन्फिग डॉट लॉग' या दप्तरात जमा होतो, आणि काही बिघडले तर खरा जबाब त्या दप्तरातच सापडतो, पडद्यावर नव्हे.

त्या यंत्रावर हा कारकून बराच वेळ समाधानाने फिरला आणि अचानक थांबला. रीडलाइन हवी आहे, परंतु तिचे हेडर किंवा लायब्ररी उपलब्ध नाहीत, अशा अर्थाची एक ओळ त्याने लिहिली आणि काम सोडून दिले. आता रीडलाइन तर यंत्रावर होती. टर्मिनलमध्ये मागील आज्ञा वरच्या बाणाने परत आणण्याची सोय तीच पुरविते, आणि ती सोय मी त्याच क्षणी वापरीत होतो. यंत्र धडधडीत खोटे बोलते आहे असे मला वाटले, आणि या ठिकाणी प्रत्येक नवशिक्याला तसेच वाटते.

यातील मर्म कळण्यासाठी लायब्ररी आणि हेडर यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. लायब्ररी म्हणजे घरात कामाला असलेला आचारी. तो स्वयंपाकघरात हजर आहे आणि जे प्रोग्राम आधीच घडलेले आहेत ते त्याला हाक मारून काम करवून घेत आहेत. परंतु नवा प्रोग्राम घडत असताना, या आचाऱ्याला कोणकोणते पदार्थ येतात, प्रत्येकासाठी त्याच्या हाती काय द्यावे लागते आणि तो उलट काय देतो, याची लेखी यादी कंपायलरला पाहिजे असते. ती यादी म्हणजे हेडर. सामान्य गृहस्थाला तयार जेवणाशी कर्तव्य असल्यामुळे वितरणांनी जागा वाचविण्यासाठी या दोन वस्तू निरनिराळ्या पुड्यांत बांधल्या आहेत: आचारी एका पुड्यात, यादी दुसऱ्या. डेबियनच्या घराण्यात यादीच्या पुड्याच्या नावाला शेवटी 'डेव्ह' जोडतात, रेड हॅटच्या घराण्यात 'डेव्हेल'. एवढे लहानसे शेपूट ज्याला ठाऊक झाले, त्याची मूळ संहितेपासून प्रोग्राम घडविण्यातली निम्मी विद्या झाली असे समजावयास हरकत नाही.

अशा वेळी दुसरी एक सोपी वाटणारी पळवाट असते. रीडलाइन नसली तरी चालेल असे कॉन्फिगरलाच सांगता येते. दोन आडव्या रेघा, 'विद-रीडलाइन', बरोबरचे चिन्ह आणि 'नो'. मी तीच धरली. 'आर' विनातक्रार घडला, सुरू झाला, बेरजा करू लागला; आणि मागील आज्ञा परत आणावी म्हणून मी वरचा बाण दाबला, तेव्हा आज्ञेच्या जागी एक टोपीसारखे चिन्ह, लागोपाठ दोन उघडे चौकटी कंस आणि इंग्रजी 'ए' हे अक्षर उमटले. आणखी दाबला, आणखी एक टोपी उमटली. पन्नास अक्षरांच्या आज्ञेत एक स्वल्पविराम चुकला की ती सगळी पुन्हा टंकावी, अशा रीतीने मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी यंत्राच्या व्यवस्थापकांकडे जाऊन यादीचा पुडा मागून घेतला.

त्यानंतरही कारकून एकदम प्रसन्न झाला नाही. रीडलाइन मिळाली तेव्हा त्याने एक्स-इलेव्हन या चित्रपटलाच्या व्यवस्थेची याद्यांसह मागणी केली. ती पुरविली तेव्हा बीझिप ही लायब्ररी. मग पीसीआरई, मग कर्ल. तो एका वेळी एकच कमतरता सांगतो आणि थांबतो, त्यामुळे नवखा माणूस रडकुंडीस येतो. अधिकार ज्याच्या हाती आहे त्याला मात्र डेबियनच्या घरात एक राजमार्ग आहे: 'बिल्ड-डेप' हा शब्द वापरून आप्टला सांगितले की वितरणवाल्यांनी स्वतः 'आर' घडविताना जे जे साहित्य वापरले, ते ते सर्व एका हुकमात येऊन पडते. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर या लेखातील निम्मा अनुभव मला आला नसता.

फोर्ट्रानच्या मागणीचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या मंडळींनी १९५७ साली जगापुढे ठेवलेली ही भाषा आजच्या प्रणालीला कशासाठी पाहिजे? याचे उत्तर असे की संख्याशास्त्रातील बहुतेक भारी कामे शेवटी मॅट्रिक्सच्या गुणाकार-भागाकारावर येऊन ठेपतात, आणि ती कामे बिनचूक करणाऱ्या ब्लास व लापॅक या लायब्रऱ्या फोर्ट्रानमध्येच लिहिलेल्या आहेत. अनेक दशके हजारो डोळ्यांखालून गेलेली, गोलाईच्या चुकांपासून जपून नेलेली ही आकडेमोड, केवळ भाषा जुनी झाली म्हणून नव्याने लिहावी असे कोणाही शहाण्याला वाटत नाही. 'आर' त्यांची एक प्रत आपल्या गठडीतच बाळगतो. परंतु ती प्रत भरवशाची असली तरी वेगवान नव्हे, आणि तिच्या जागी ओपनब्लाससारखी, प्रोसेसरच्या अंगाप्रमाणे बेतलेली लायब्ररी जोडली, तर मोठ्या मॅट्रिक्सचे काम कितीतरी पटींनी लवकर आटोपते.

चौकशी संपली की 'मेक' ही आज्ञा. हा कारागिरांचा मुकादम. तो १९७६ साली बेल प्रयोगशाळेतच स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला, आणि त्याच्या जन्माची कथा अशी की त्यांच्या एका सहकाऱ्याने बरोबर असलेल्या प्रोग्रामातील चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालविली. चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाइल करावयाचीच राहून गेली होती. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे आणि कोणती शिळी झाली आहे याचा हिशेब मुकादम ठेवतो, आणि जेवढे शिळे तेवढेच नव्याने घडवितो. 'आर'च्या बाबतीत त्याचे काम पाहण्यासारखे असते. आरंभी सी आणि फोर्ट्रानच्या फाईली एकामागून एक कंपाइल होतात. मध्यावर पोहोचले की 'आर'चा नुसता गाभा तयार होतो. आणि मग तो अर्धवट गाभाच चालवून त्याच्याकडून त्याची स्वतःची पॅकेजे तयार करून घेतात, कारण ती 'आर'च्याच भाषेत लिहिलेली असतात. भिंती उभ्या राहिल्या न राहिल्या तोच मालकाने आत बिऱ्हाड मांडून उरलेले घर स्वतः बांधावे, तसे हे आहे. त्या यंत्राला या सर्वास पाऊण तास लागला. ज्यांच्या यंत्रात अनेक कोअर आहेत त्यांनी 'मेक'ला 'जे' हे अक्षर आणि एक आकडा द्यावा, म्हणजे तितके कारागीर एकदम कामास लागतात.

यानंतर 'मेक चेक' करण्याचा कंटाळा बहुतेक लोक करतात; मी तो करीत नाही. त्यात नव्याने घडलेल्या 'आर'कडून ठरलेली उदाहरणे सोडवून घेतात आणि आलेली उत्तरे गठडीत जपलेल्या उत्तरांशी ताडून पाहतात. ज्या साधनाने आपण दुसऱ्यांच्या आकड्यांची झडती घेणार, त्या साधनाची एकदा तरी झडती घेतलेली बरी.

शेवटची पायरी 'मेक इन्स्टॉल'. तीत घडलेला 'आर' आपल्या जागी जाऊन बसतो, आणि त्या जागेसाठी युनिक्सच्या भूमीचे तीन भाग समजावेत. 'यूएसआर' हा खालसा मुलूख. तेथे वितरणाच्या आप्टचा अंमल, आणि आपण हाताने तेथे काही ठेवले तर पुढील अद्ययावतीकरणात ते पुसले जाण्याचा किंवा भांडण लागण्याचा संभव. त्याच्याच आत 'लोकल' नावाची वाडी आहे. ती यंत्राच्या व्यवस्थापकास इनाम दिलेली, आणि काही न सांगितल्यास 'आर' तेथेच जाऊन बसतो. तिसरे, प्रत्येकाची स्वतःची 'होम'. तेथे कोणाचा परवाना लागत नाही, फक्त कॉन्फिगरला आरंभीच 'प्रिफिक्स' म्हणून तिचा पत्ता द्यावा लागतो. ज्यांना सर्वाधिकार आहेत त्यांनीही घडविण्याचे सारे काम आपल्या साध्या नावाने करावे आणि 'सुडो' हा शब्द फक्त या शेवटच्या पायरीस लावावा. परक्याने लिहिलेल्या हजारो आज्ञा राजाच्या मुद्रेने चालविण्याचे काहीच कारण नसते. शिवाय तसे केल्याने मधल्या फाईलींची मालकी 'रूट' या सर्वाधिकाऱ्याकडे जाते आणि मग आपल्याच डिरेक्टरीतील कचरा काढण्यासाठी आपल्यालाच सुडो लावावे लागते.

'आर' बसला की मी प्रथम त्याच्याबरोबरच येणारी 'कार्स' ही तालिका उघडतो. १९२०च्या दशकातील मोटारींचा वेग आणि ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागलेले अंतर यांच्या तीत ५० नोंदी आहेत. 'समरी' मागितली की वेगाची सरासरी ताशी १५.४ मैल आणि अंतराची ४२.९८ फूट आली पाहिजे; आली की जीव भांड्यात पडतो. मग 'व्होल्केनो' ही तालिका: ८७ ओळी, ६१ स्तंभ, आणि त्यांत ऑकलंडमधील माउंगा व्हाऊ या ज्वालामुखीच्या उंचीचे आकडे, दहा दहा मीटरांच्या चौकटींवर इहाका यांनी नकाशावरून उतरवून घेतलेले. तिचे चित्र काढले की 'आर'चे जन्मगाव पडद्यावर येते आणि चित्रे काढणारी यंत्रणा चालते हेही कळते. 'आर'च्या फंक्शनांच्या भांडारात 'महालनोबिस' या नावाचे एक आहे. १९३१ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेल्या अंतराचा वर्ग ते काढते.

माझ्या मते खरा धोका मात्र थांबणाऱ्या कारकुनात नसतो. जो थांबतो आणि तक्रार करतो तो प्रामाणिक; त्याचे मागणे पुरविले की काम झाले. परंतु काही वस्तू कॉन्फिगरच्या लेखी ऐच्छिक असतात, आणि त्या नसल्या तर तो 'नो' लिहून, चकार शब्द न काढता पुढे जातो. चौकशीच्या शेवटी तो एक गोषवारा देतो, त्यात वगळलेल्या सामर्थ्यांची एक ओळ असते. ती कोणीच वाचीत नाही, आणि काही अभाव तर तीतही येत नाहीत.

हे मला कळले ते कोकणातील जिल्ह्यांच्या पावसाचा एक आलेख काढताना. आकडे बरोबर, दंडही बरोबर. पण खालची नावे पाहिली तो 'सिंधुदुर्ग'मधील वेलांटी 'स'च्या अगोदर यावयाची ती नंतर जाऊन 'ध'ला टेकली होती, आणि रफार 'ग'च्या डोक्यावर चढण्याऐवजी पाय मोडका 'र' होऊन शेजारी उभा होता. 'रत्नागिरी'तील जोडाक्षरही असेच फुटले होते. देवनागरीत अक्षरे ज्या क्रमाने साठवितात त्याच क्रमाने ती रंगवून चालत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठविताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना अगोदर, म्हणून अक्षरांची मांडणी करणारा एक स्वतंत्र कसबी लागतो. लिनक्सवर 'आर'ची चित्रे कैरो नावाची लायब्ररी रंगविते, आणि हे मांडणीचे काम पँगो करते. मी 'कॉन्फिग डॉट लॉग' उघडून शोधले. कैरो आणि पँगो यांची जोडी ठाऊक आहे काय, असे विचारणारी एक ओळ तेथे होती आणि तिच्यापुढे 'नो' होते. त्यानंतर नुसत्या कैरोची चौकशी करून, ती सापडताच, कारकून समाधानाने पुढे गेला होता. ऑकलंडचा ज्वालामुखी रंगविण्यास तेवढे पुरेसे होते, सिंधुदुर्गास नव्हते.

यादीचा पुडा आणला, पँगोची 'डेव्ह' बसली, 'मेक क्लीन' करून जुने घडीव पुसले, पुन्हा चौकशी, पुन्हा पाऊण तास. या वेळी वेलांटी 'स'च्या अगोदर आणि रफार 'ग'च्या माथ्यावर होता. रायगडचे नाव मात्र आता रत्नागिरीच्या नावावर चढले होते, कारण आलेखाची रुंदी मी कमी ठेवली होती. ती वाढविण्यास काही घडवावे लागले नाही.